पिंपोबाचं निर्माल्य

शुक्रवार पेठेतल्या रत्नव्वाला साधंसुधं काम जमायचंच नाही. संकेश्वराकडून लग्न होऊन आली, तेव्हा सासूनं दारात चार रेघांची रांगोळी काढायला सांगितली. हिनं वेल काढला, तो शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत नेला. म्हणून १९९८ साली, पुराचं पाणी घाटावरून उतरल्यावर, गल्लीतल्या बायकांनी पंचगंगेकाठी निर्माल्यासाठी निळं पिंप ठेवलं आणि राखण रत्नव्वाकडं दिली, तेव्हा नवऱ्यानं दुकानातूनच हात जोडले.

पण पिंप रिकामंच राहायला लागलं. लोक यायचे, पिंपाकडं बघायचे आणि फुलं खुशाल नदीत सोडायचे.

"देवाची फुलं, आन् कचऱ्याच्या डब्यात?" शेजारची बयाबाई म्हणाली. "पाप लागंल की!"

घाटावरच्या गर्दीची व्यवस्था तालमीच्या पिराजीकडं असायची. तो म्हणाला, "वहिनी, घरगुती गणपतीच्या विसर्जनापर्यंत वाट बघतो. तवर भरलं न्हाय तर उचलणार. जागा अडतीया."

रत्नव्वाच्या जिवाला घोर लागला. कुजक्या हारांचा लगदा पायऱ्यांना चिकटलेला तिला रोज दिसायचा. पिंप एकदा उठलं की पुन्हा कुणी नाव काढणार नव्हतं. दुसऱ्याच सकाळी तिनं पिंप घासलं, त्याला विभूतीचे तीन पट्टे ओढले, कुंकू लावलं, शेवंतीचा हार घातला. आता कोण म्हणतंय कचऱ्याचा डबा?

कुणीच म्हणालं नाही. आलेल्या पहिल्याच बाईनं चप्पल काढून नमस्कार केला. दुसरीनं खडीसाखर ठेवली. दुपारी नारळ फुटला, आणि संध्याकाळी एक म्हातारबाबा पिंपाला प्रदक्षिणा घालताना दिसले. शिळी फुलं मात्र पूर्वीसारखीच नदीत!

"अय्यो! पावणं, पिंप हाय ते, पिंप!" रत्नव्वा ओरडून सांगायची. लोक ऐकून घ्यायचे आणि जाता जाता तिलाही नमस्कार करायचे.

"देवाच्या तोंडात शिळं कसं घालायचं, आक्का?" बयाबाई म्हणाली. "तूच देव केलास, आता भोग."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी पिंपावरचे हार पार काळे पडले होते. बयाबाई ते उतरवून नदीकडं निघाली, तशी रत्नव्वा आडवी आली.

"थांब. निर्माल्य कुणाचं हे?"

"पिंपोबाचं की."

"मग पिंपोबालाच विचारू." तिनं हार घेतले, पिंपात सोडले आणि हात जोडले. "तुझं तुलाच देते बाबा. चालतंय न्हवं?"

पिंप गप्प.

"न्हाय म्हटलं न्हाय," बयाबाई विचार करत म्हणाली. मग इकडं तिकडं बघून तिनं आपली पिशवी हळूच पिंपात रिकामी केली. "त्याला सोताचं चालतंय, तर माझं का न्हाय?"

मागं उभ्या असलेल्या बाईनं हे बघितलं. तिच्या मागचीनंही बघितलं. गल्लीत बातमी पोचायला वेळ लागला नाही: पिंपोबाला शिळं चालतंय.

विसर्जनादिवशी रत्नव्वाचा घसा बसला. "फुलं द्या, पिशवी घरी न्या! अहो दादा, कापूर नको, फुलं!" दुर्वा-फुलं हातानंच दाबून दाबून तिचे हात हिरवे झाले.

दिवेलागणीला पिराजी दोन गड्यांना घेऊन पिंप उचलायला आला. तिघांनी जोर लावला; पिंप जागचं हललं नाही.

"वहिनी, हे गच्च भरलंय की!"

"मग बघत काय उभं ऱ्हायलाय?" बसक्या आवाजात रत्नव्वा म्हणाली. "आणखी गडी बोलवा, रिकामं करून आणा लवकर. माणसं खोळंबल्यात."