बिनविमानाचं उतरणं

मळभ आलं की ग्लायडरवाल्यांची तोंडं सुतकी होतात. आमच्या विमानाला इंजिन नसतं. विंचच्या, म्हणजे जमिनीवरच्या यांत्रिक रहाटाच्या, दोरानं वर खेचून घ्यायचं, मग तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी हवा शोधायची आणि तिच्या जोरावर फिरत राहायचं. ऊन नाही तर हवा नाही, हवा नाही तर बसा बोंबलत. दोन हजार सालच्या आसपासचा फेब्रुवारी, दौंडकडच्या माळावरची आमची धावपट्टी, आणि सकाळपासून आभाळ गच्च. रांजणगावच्या कंपनीतून मिनतवाऱ्या करून मी आठ दिवसांची रजा काढली होती. त्यातले सहा उलटले होते.

पण माझा खरा राग आभाळावर नव्हता, आम्हाला उडायला शिकवणाऱ्या सरांवर होता. ग्लायडरच्या स्पर्धेत उतरायचं तर धावपट्टी सोडून दूर उडायची परवानगी लागते, आणि ती लॉगबुकात सर लिहून देणार. दूर गेलं आणि हवा संपली, तर दिसेल त्या शेतात उतरावं लागतं. आम्ही पाच जण शिकत होतो. चौघांना परवानगी मिळाली. मला सर म्हणाले, "वडिलांचं संमतीपत्र आण. एकटी मुलगी अनोळखी शेतात उतरणार, जबाबदारी कोणाची?" स्पर्धेचा अर्ज उद्याच जाणार होता.

पत्र द्यायला अब्बा एका पायावर तयार झाले असते. शिरूरला त्यांचं विहिरीच्या जळलेल्या मोटारी भरून द्यायचं दुकान. माझ्या उडण्याचं कौतुक ते गिऱ्हाइकाला चहा पाजून ऐकवायचे. पण मी तेवीस वर्षांची, कमावती. त्या चौघांपैकी एकाकडंही पत्र मागितलं नव्हतं. मग मीच का? आणणार नाही म्हणजे नाही.

चौघं शेडमध्ये पत्ते कुटत बसले होते. मी सरांपुढं जाऊन उभी राहिले. "सर, उडणं तर आज होत नाही. मला जीपनं नेऊन कुठल्याही रानात सोडा. विमानातून उतरले असं समजा. शेतमालकाला भेटते, फोन करून ठिकाण कळवते आणि पाचच्या आत परत येते. आले तर सही करा."

"आणि नाही आलीस तर?"

"तर स्पर्धेचं नाव काढणार नाही."

पत्ते थांबले. कुणीतरी म्हणालं, "घ्या! ही आता बिनविमानाची उतरणार!" सर हसले आणि त्यांनी जीपवाल्याला हाक मारली.

जीपवाल्यानं मला न्हावऱ्याच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून बरंच आत, एका बांधावर उतरवलं आणि तो निघून गेला. वरून भुरभुर सुरू झाली. जीप दिसेनाशी होईपर्यंत मी तिच्याकडं बघत उभी राहिले. मग स्वतःलाच एक शिवी हासडली आणि चालायला लागले.

पुढच्या वावरात एक आप्पा आणि त्यांची मालकीण काढलेल्या कांद्यावर घाईघाईनं ताडपत्री ओढत होते. मी जाऊन एक टोक धरलं.

"कुणाची गं तू? हितं कशी?"

अब्बांचं नाव सांगितलं असतं तर ओळख लगेच निघाली असती. त्या पट्ट्यातल्या निम्म्या मोटारी आमच्याच दुकानात भरलेल्या. पण सांगितलं म्हणजे ते पत्र दिल्यासारखंच झालं की!

"विमानातून उतरले आप्पा."

आप्पांनी वर बघितलं, मग वावरात बघितलं. "आन् विमान कुठं हाय?"

"आज आणलं न्हाई."

मालकीण तोंडाला पदर लावून हसली. आप्पा मात्र गंभीर. "म्हंजी आणशील तवा माझ्या कांद्यात घालशील व्हय?"

"न्हाई आप्पा. तो पलीकडचा पडीक तुकडा हाय ना, तिथं. लांब हाय, आन् वरून तारा न्हाईत."

आप्पांनी तो तुकडा पहिल्यांदाच बघावा तसा निरखला. ताडपत्रीवर दगड ठेवून झाल्यावर ते स्वतः मला रस्त्यापर्यंत घेऊन आले आणि एका टेम्पोवाल्याला दरडावून म्हणाले, "पोरीला नीट सोड." न्हावऱ्याच्या एसटीडी बूथवरून मी फोन केला. मग चौफुल्यापर्यंत एसटी, पुढं माणसं कोंबून नेणारी वडापची जीप, शेवटचा टप्पा पायी. साडेचारला मी शेडपुढं उभी होते, बूट चिखलानं जड झालेले.

सरांनी लॉगबुक घेतलं, लिहिलं, सही केली. मी वाचलं. 'दूरच्या उड्डाणास परवानगी, वडिलांच्या संमतीने.'

माझं टाळकंच सरकलं. "सर, आपलं ठरलं काय होतं?"

"अगं, तेवढं असू दे. रीत असते."

"रीत असेल तर सगळ्यांना!" मी शेडमधून चौघांची लॉगबुकं उचलून आणली आणि टेबलावर आपटली. "यांच्यातही लिहा. आत्ता, माझ्यासमोर."

मग आमच्यातले सगळ्यात थोरले, एका कारखान्यातले साहेब, कानशिलं पांढरी झालेले, हातातले पत्ते खाली ठेवून म्हणाले, "लिहा सर. फक्त माझे वडील वारलेत. माझ्या पोरींची सही आणली तर चालेल का?"

सगळे खदाखदा हसले. सर हसले नाहीत. त्यांनी त्या पाच वह्या एकेक करून उघडून पाहिल्या. मग माझी वही ओढून त्यांनी शेवटच्या दोन शब्दांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी सही केली.

थँक्यू ओठांवर आलं होतं. मी गिळून टाकलं. बाकीच्या चौघांना जे न मागता मिळालं, त्याचे मी आभार मानायचे?