भावाभावांत कागद कसला?

१९८४ साल. मी तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा. आज शेजाऱ्यांकडं वर्षश्राद्धाचे वडे तळतायत आणि त्या वासानं माझं डोकं पुन्हा तापलंय.

त्या दिवशी आमच्या दादाचं वर्षश्राद्ध होतं. आमच्यात जमीन थोरल्याच्या नावावर राहायची आणि धाकट्यानं ती कसायची. दादा मुंबईला गिरणीत. इथं कातळात खड्डे फोडून, खांद्यावरनं पाणी वाहून आंब्याची साठ कलमं जगवली ती मी. बायको वर्षानुवर्षं सांगत होती, "मोठ्या भावजींकडनं लिहून घ्या." मी तिच्यावरच ओरडायचो, "भावाभावांत कागद? लाज नाय वाटत?"

पानं वाढली होती. दादाचा मुलगा वडा मोडत म्हणाला, "काका, सातबारावर आमची नावं लागली. तुम्ही खुशाल राखा बाग. आम्ही काय तुम्हाला काढीत नाय."

"राखा? मी राखणदार काय रे तुझा?"

"मग तुमचा कागद दाखवा."

मी भरलं पान उचलून अंगणात भिरकावलं. बायको वाढता वाढता थांबली.

तेव्हा राग पुतण्याचा आला होता. आज येतो तो माझाच. मागितलं असतं तर दादानं हसत लिहून दिलं असतं. ताठा माझा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.नं बायकोला घेऊन रत्नागिरीला वकिलाकडं गेलो. राहतं घर तेवढं माझ्या नावावर होतं. वकिलानं मला खुर्ची दिली, तीवर मी तिला बसवलं आणि त्याला म्हटलं, "माझं मृत्युपत्र करायचंय. ही सांगेल तसं लिवा."