भास्करनं एकदाच लावलेला खेळ

भास्कर गेल्याची तार बोदवडच्या शाळेत माझ्या हाती पडली, तेव्हा मी वर्गावर खेकसत होतो. मुलांना सोडून दिलं आणि खुर्चीत बसून राहिलो. रडू आलं नाही, लाज वाटली... एक गोष्ट त्याला सांगायची दहा वर्षं टाळली होती.

भास्कर जळगावात फोटो काढायचा. त्याची थोरली बहीण, अक्का, मुलगा तापानं गेल्यावर यावलकडच्या एका महाराजांच्या नादी लागली. त्यांच्या पंथात मेलेली माणसं म्हणे पडद्याआडून बोलत. दर अमावास्येला तिथे अक्काला लेकाचा आवाज ऐकू येई. तिनं घरदार सोडलं. भास्करनं पुष्कळ डोकेफोड केली, मग स्वतःच भक्त बनून मठात शिरला, मर्जी संपादली आणि उत्सवात भरदुपारी सिनेमाचा कॅमेरा फिरवला. पडद्यामागे शिरून, तोंडाशी हात धरून मेलेल्यांचे आवाज काढणारा चेला त्यानं बाजूच्या झरोक्यातून टिपला. चित्र मुकं. खेळाच्या वेळी सिनेमाच्या पडद्याशेजारी उभं राहून समजावून सांगायचं काम माझं होतं.

पहिल्या खेळाला त्यानं अक्काला मुद्दाम आणलं. तंबू गच्च भरलेला. महाराज दिसले मात्र, पुढच्या बायांनी चपला काढल्या, पदर सावरून हात जोडले. कुणी नारळ फोडला. चेला आला तेव्हा मी म्हणायला हवं होतं, ‘बघा, हा बोलतोय.’ माझी दातखीळ बसली. इतक्या हात जोडलेल्या माणसांपुढे मी घाबरलो, सरळ सांगतो. लोकांना वाटलं, चेला सेवा करतोय. अक्कानं भावाच्या तोंडावरून हात फिरवला. “भाऊ, तुनामुये दर्शन व्हयनं.”

“घसा बसला का रे?” भास्करनं मला विचारलं. मी हो म्हणालो. मठातली गर्दी वाढली, असं पुढे कानावर आलं. भास्करनं तो खेळ पुन्हा लावला नाही आणि मला कधी टोचलंही नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं.

तेराव्याला पिंप्राळ्याच्या त्याच्या खोलीत अक्का आली. तिला ती फिल्म हवी होती, दर्शनाला. फळीवरचा पत्र्याचा डबा मी उघडला. बाकी सगळं भास्करनं कापून टाकलं होतं, आत वीतभर तुकडा होता. अक्कानं तो खिडकीशी धरला.

“यामा महाराज कोठे शेतस?”

“नाहीत, अक्का. सगळ्या चौकटींत उत्सवात बसलेल्या तुम्हीच आहात.”

तिनं तुकडा डब्यात ठेवला आणि म्हणाली, “मंग हाऊ तुकडा माले काय कामना?”

चेल्याचं चित्र आता उरलं नव्हतं. सांगायला फक्त मी होतो... मी तिला पाणी हवं का विचारलं.