बिनजाळाचा बंब

हे माझ्या आईलाही ठाऊक नाही. फोनवर तिला मी सगळं सांगतो – काय जेवलो, पाऊस किती झाला, चप्पल कुठं तुटली – पण हे नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे इथंही धीर असा आलेला नाहीच. धीराच्या बाबतीत माझं काही खरं नाही, ते पुढं कळेलच.

माझं गाव इथून फार लांब, सातपुड्याच्या पायथ्याला. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे – मीच सोडली. फ्रीज दुरुस्तीचं काम शिकत, एका गावाहून दुसऱ्या गावी जात, शेवटी बेळगावात एका कंपनीत लागलो. वडगावात एका विणकराच्या घरी मागची खोली भाड्यानं मिळाली. घर आप्पांचं आणि त्यांच्या बायकोचं. पुढं राहायची जागा, मध्ये स्वयंपाकघर, आणि बाजूला लांबट शेड, तिथं दोन माग. आप्पांची थोरली बहीण त्यांच्याकडंच असते. नवरा गेल्यावर माहेरी परत आली, त्याला तीस वर्षं होऊन गेली. तिला सगळी गल्ली आक्का म्हणते. मीही.

खोली भाड्याची होती, जेवण त्यात नव्हतं. पण पहिल्याच पावसात मला ताप आला आणि आक्का पेज घेऊन दारात उभी राहिली. त्यानंतर रोज सकाळी फडक्यात बांधलेली भाकरी खिडकीत असायची. एकदाही तिनं ते बोलून दाखवलं नाही. अशा बाईचं मी काय केलं, ते सांगायचंय.

आधी तिचं काम सांगतो, नाहीतर कळायचं नाही. मागावरचा ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आले की नवा ताणा आणतात. मग जुन्या प्रत्येक धाग्याच्या टोकाला नव्याचं टोक पिळून जोडावं लागतं. हजारो टोकं. आक्का मांडी घालून बसायची, बोटांना चिमूटभर राख लावायची आणि जोडत जायची. राख पाणी तापवायच्या बंबातली, चाळून करवंटीत ठेवलेली. आक्कानं जोडलेला धागा मागाला तुटत नाही, असं गल्लीत म्हणायचे. माहेरी परत आलेली बाई ती – पण कुणाच्या उपकारावर नव्हती. भूक लागली की स्वतः उठून परातीतली भाकरी घ्यायची. त्या बोटांच्या जोरावर.

आणि तीच बोटं थंडीपावसात आखडायची. पहाटे बंब पेटवताना धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे. आमची कंपनी हीट पंप बसवते. फ्रीज कसा आतली उष्णता मागं फेकतो, तसंच हे यंत्र हवेतली ऊब ओढून पाण्यात घालतं, आणि पंख्यातून गार, कोरडी हवा सोडतं. मी आप्पांच्या मागंच लागलो. आप्पा म्हणाले, "जाळ न्हाय, धूर न्हाय, उन्हाची वाट बघाय नगो. मग पाणी तापतंय कशानं? तुझ्या बडबडीनं?" आक्का तोंडाला पदर लावून हसली. तिनंच नाव ठेवलं, बिनजाळाचा बंब.

आमचे मोठे मिस्त्री, अण्णा, यांचा नियम एकच – पंख्याचा भाग मोकळ्या हवेत पाहिजे. त्या घरात मोकळी हवा म्हणजे वरचा स्लॅब, आणि वर जायला गल्लीतून लावायची लोखंडी शिडी. मला उंचीची भीती वाटते. पाचव्या पायरीवरूनच मी खाली उतरतो. हे कंपनीत कुणाला माहीत नव्हतं. दुसऱ्या घरांत बसू नावाचा माझा जोडीदार वर चढायचा, मी खालचं काम धरायचो. पण हे काम मी मागून घेतलेलं, एकट्याचं. मी आप्पांना म्हणालो, शेडमध्येच बसवू – मागांच्या मोटरांची ऊब नुसती वाया जाते, ती पाण्यात घालू.

हे खोटं होतं का? पूर्ण नव्हतं. तेच तर. पूर्ण खोटं बोलायचा मला कधी धीर झाला नाही. मी अर्धं खरं बोलत आलोय.

दसऱ्यानंतर यंत्र बसलं. आक्का नळाखाली हात धरून किती तरी वेळ उभी होती. "लई पुण्य लागंल रं तुला," म्हणाली. मला त्या दिवशी आपण कुणीतरी आहोत असं वाटलं.

मग थंडी आली आणि धागे तुटायला लागले. माग थांबवायचा, जोडायचा, चालवायचा, पुन्हा थांबवायचा. आधी आप्पा चेष्टा करायचे, "आक्का, आता राख सोड, डिंक लाव." मग चेष्टा थांबली. गाठी दिसतात म्हणून साड्या परत आल्या. आप्पांनी त्या मोजून कोपऱ्यात रचल्या. आक्का डोळे तपासून आली. चष्म्याचा नंबर होता तोच होता. माझ्यासमोर उंबऱ्यावर बसत म्हणाली, "डोळं बरं हाईत म्हनं. मग हातच गेलं असतील."

मला कळलं कधी? – तारीख आठवत नाही, बादली आठवते. यंत्रातून पाणी ठिबकतं. हवेतला ओलावाच तो. त्याच्याखाली मी बादली ठेवली होती. एका सकाळी ती ओतायला उचलली. समोर आक्का शेडच्या जमिनीवर पाणी शिंपडत होती. खिडकीला ओली पोती टांगलेली. रोजचंच ते. सुताला ओल लागते, कोरड्या हवेत ते चटकन तुटतं, हे तिथं लहान मुलालाही माहीत. ती शिंपडत होती. आणि तिनं शिंपडलेलं पाणी माझं यंत्र हवेतून ओढून माझ्याच बादलीत भरत होतं, आणि कोरडा वारा सरळ ताण्यावर सोडत होतं.

सगळं हातात होतं. मी काय केलं? बादली मोरीत ओतली आणि परत जागेवर ठेवली.

दोनच दिवसांनी आप्पांनी सरळ विचारलं. त्यांना शंका आली होती, भल्या माणसाला येते तशी, संकोचत. "तुझं ते मशीन आल्यापासनं धागा तुटाय लागलाय. त्याचं तर काय न्हाय न्हवं?"

"न्हाय ओ आप्पा. ते पाणी तापवतंय. त्याचा न् सुताचा काय संबंध?"

आक्का तिथंच होती, माझी भाकरी फडक्यात बांधत. तिनं वर पाहिलं नाही. गाठ मारली आणि फडकं माझ्याकडं सरकवलं.

इथंच थांबलो असतो, तर भित्रा म्हणून सुटलो असतो. पण अजून आहे. हे लिहिताना मी दोनदा उठून दाराची कडी बघून आलोय, ती लावलेलीच आहे.

आप्पांनी जोडकामाला पलीकडच्या गल्लीतली एक बाई ठरवली. सोमवारपासून येणार होती. यंत्र वर हलवायचं मी मनात आधीच ठरवलं होतं. आदल्या आठवड्यातही हलवता आलं असतं. पण मी थांबलो. का थांबलो? यंत्र हललं आणि धागा तुटायचा राहिला, तर आप्पांनी दोन्हीचा मेळ घातला असता. म्हणून ती बाई येऊ दिली. ती आली, आणि बुधवारी मी बसूला शिडीवर चढवलं. आप्पांना सांगितलं, सुताच्या बारीक तुसानं यंत्राची जाळी भरते, वर असलेलं बरं. तेही खरंच होतं. जाळी भरतच होती.

पंधरा दिवसांत धागे तुटायचे कमी झाले. आप्पा मागाजवळ उभं राहून म्हणाले, "बघ, हात बदलला न् सूत ऐकाय लागलं." आक्का दारात होती. "व्हय," म्हणाली, "तसंच हाय." तिला ते पटलं होतं. मीच पटवलं होतं, एक शब्दही न बोलता.

याला दोन वर्षं झाली. पाणी उत्तम तापतं. आप्पा पाहुण्यांना यंत्र दाखवतात, माझं नाव घेतात. आक्का शेडमध्ये जात नाही. राखेची करवंटी तिनं भांडी घासायच्या जागी नेऊन ठेवली. ती तांदूळ निवडते, दारात बसते. आणि जेवायला – हे मी पाहिलंय, रोज पाहतो – आता ती उठून भाकरी घेत नाही. आप्पांची बायको वाढेपर्यंत बसून राहते.

अण्णांना उंचीचं कळलं असतं तर काम गेलं असतं, काम गेलं असतं तर ही खोलीही गेली असती, आणि परत जायला तोंड नव्हतं – हे मी स्वतःला पुष्कळदा सांगितलंय. कागदावर उतरवल्यावर ते एका ओळीत मावलं. तीस वर्षं धागे जोडलेली तिची बोटं त्याच्यासमोर ठेवून बघतो. मग बघवत नाही. खिडकीत भाकरी अजून येते. मी ती खातो.

परवा रविवारी ती वाकळ शिवायला बसली होती. मला हाक मारली. "एवढा दोरा ओवून दे रं. तुझी नजर तरणी हाय. माझ्या हाताचं काय खरं न्हाय आता."

सुई तिनंच धरली होती. मी दोरा ओवला. पहिल्या झटक्यात गेला. सुई धरलेला तिचा हात जरासुद्धा हलत नव्हता.