यशवंतदादांची फळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. दुखावलेला हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचा, हे माझं काम. कामतघरला लूममध्ये, म्हणजे यंत्रमागात, हात चिरडलेल्या कामगारांवर अभ्यास करत होते. पहिल्याच बैठकीत मोठ्या तोऱ्यात म्हणाले — हा अभ्यास तुमचा, काय मोजायचं ते तुम्हीच ठरवा. जीभ उचलून टाळ्याला लावायला काय जातं?

त्या कामगारांतल्या, शेलार गावच्या यशवंतदादांनी ते खरं मानलं. म्हणाले, "मुठीचा जोर कशाला मोजता, ताई? तुटल्या धाग्याला गाठ मारता येते का न्हाय, ते बघा. ती जमल्याबिगर मला कामावर धाडू नका." पुढच्या खेपेला फळीवर खिळे ठोकून, दहा धागे ताणून घेऊन आले. दर वेळी किती गाठी जमल्या, ते फळीच्या मागे पेन्सिलीने स्वतः लिहायचे.

अभ्यासाचे प्रमुख, आमचे सर म्हणाले, ही फळी कोण मानणार? आणि मी — मी नुसती मान डोलावली. अभ्यास उरकायची घाई मलाच होती ना? शेवटच्या दिवशी दहातल्या दोनच गाठी जमल्या. ते गाळलं. मूठ छान आवळत होती, तेवढंच अहवालात लिहिलं. वर लिहिलं — काय मोजायचं ते कामगारांच्या सल्ल्याने ठरवलं. दादांना 'कामाला योग्य' म्हणून चिठ्ठी दिली. गाठी जमेनात म्हणून चौथ्या दिवशी सेठने त्यांना लूमवरून काढलं.

दादा आले, भांडले नाहीत. माझ्याकडे राहिलेली फळी मागितली — घरी सराव करतो म्हणाले. द्यायला काय हरकत होती? पण मागे त्यांच्या अक्षरात तो दोनचा आकडा होता. कुणी वाचला असता तर? मी म्हटलं, हरवली.

"फळीचं लिव्हलंत तरी का?"

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

"मंग आमाला ईचारलंत कशाला, ताई?"

एवढंच बोलून ते जिना उतरले. आता एका गोदामावर वॉचमन आहेत. त्या अभ्यासाचं कौतुक झालं — लोकांना सोबत घेतलं म्हणून. मी हसून हार घालून घेतला.

फळी हरवलेली नाही. माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली.