वय सत्तर, कारण वृद्धापकाळ

चहा आधी कपबशीतच आला होता.

अण्णांच्या बंगल्याच्या पडवीत आम्ही दोघं बसलो होतो. मी आणि आमचे सुपरवायझर. त्यांना आम्ही सगळे नुसतं सर म्हणतो. अण्णांच्या सुनेनं दोन कपबश्या आणून ठेवल्या. मी कप उचलणार तेवढ्यात अण्णांनी विचारलं, "आडनाव काय म्हनलीस?"

सांगितलं.

"कुठली?"

"रहिमतपूर."

"रहिमतपुरात कुठं हायत ह्या आडनावाची मानसं?" असं म्हणून ते माझ्या तोंडाकडं बघत बसले. मग ओळख पटली. "आरं तिच्या! विहिरीतल्या लक्ष्मणाची पोरगी व्हय गं तू?"

"व्हय."

अण्णांनी सुनेकडं नुसतं बघितलं. सुनेनं माझ्या पुढ्यातली कपबशी उचलली, आत नेली आणि तोच चहा कागदी कपात ओतून परत आणला. माझ्या हातात दिला नाही. पडवीच्या कठड्यावर ठेवला. सरांची कपबशी तशीच राहिली. सर बशीत ओतून चहा पीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घे की," अण्णा म्हणाले. "गार हुतोय."

मी तो चहा प्यायले. हे लिहायची लाज वाटते, म्हणून आधीच लिहून टाकते. सोळा वर्षांनी त्या गावात पाय ठेवला होता आणि पहिल्या अर्ध्या तासात मी त्यांच्या कठड्यावरचा कागदी कप उचलून प्यायले.

मी बी.एस्सी. झालेली आहे. आमच्या घरात कॉलेजचा उंबरा ओलांडणारी मी पहिली. हे मी मिरवून सांगते. मिरवण्यासारखंच आहे ते. काम करते माणसं कशानं मरतात ते मोजायचं. खेड्यातली निम्मी माणसं घरात मरतात, डॉक्टरचा कागद नसतो. मग आम्ही त्या घरी जातो. शेवटचे दिवस कसे गेले ते विचारतो. ताप होता का, किती दिवस, धाप लागली का, काय खाल्लं, कुठं नेलं. टॅबवर प्रश्न असतात, खुणा करायच्या. शेवटी मोकळी जागा असते. तिथं घरच्यांच्या शब्दात सगळी हकिकत लिहायची. ती हकिकत दोन डॉक्टर वाचतात. दोघं दोन शहरांत, एकमेकांना ओळखत नाहीत. दोघांनी एकच कारण सांगितलं की ते पक्कं. अशा हजारो कागदांवरून सरकारला कळतं की ह्या देशात कोण कशानं मरतंय, आणि औषधं, डॉक्टर, गाड्या कुठं पाठवायच्या.

यादीत कडेगाव तालुक्यातलं हे गाव आलं तेव्हा मी गप्प बसले. स्वतःच्या गावात काम करायचं नाही असा नियम आहे. पण माझा पत्ता रहिमतपूरचा, आईच्या माहेरचा. बाप मेला तेव्हा मी आठ वर्षांची होते. दिवस झाल्यावर आई मला घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. नियम मला माहीत होता. मी तो मोडला. मुद्दाम मोडला.

अण्णांच्या घरातलं मरण त्यांच्या वडिलांचं होतं. वय त्र्याण्णव. आधी कराड, मग सांगली, मग पुन्हा कराड. एक जाडजूड फाईल माझ्या मांडीवर ठेवली गेली. रक्त, लघवी, छातीचे फोटो, डोक्याचे फोटो, चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. अण्णा सांगत होते, मी लिहीत होते. "नीट लिव. कॉलेज केलंयस न्हवं?" दीड तास गेला. म्हातारबाबांच्या शेवटच्या अठरा दिवसांतला एकही ढेकर सुटला नाही.

उठताना सर म्हणाले, "आता खाली वस्तीवर एक नाव आहे, अण्णा. शालन म्हणून."

अण्णा हसले. "खाली काय इचारताय सर? तिथं मानसं म्हातारी हुत्यात आन मरत्यात. त्यात काय मोजायचं?"

सरही हसले. मला वस्तीवर सोडून ते जेवायला गेले. बंगल्यावरच.

शालनची सासू दारातच बसली होती. मला वाटलं ती ओळखेल. तिनं ओळखलं नाही. मी नाव सांगितल्यावर तिनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं आणि म्हणाली, "बापाचंच नाक हाय की गं." मग पाणी आणून दिलं. तांब्या हातात दिला.

मी विचारायला लागले. म्हातारी पाठ केल्यासारखं सांगायला लागली. "पोटात दुखलं आन मेली. म्हातारी झाली हुती."

"मावशी, तुमी सासू. ती तुमच्या आधी म्हातारी कशी झाली?"

आतून दोन पोरी बघत होत्या. थोरलीच्या अंगावर शाळेचा ड्रेस. मी टॅब बाजूला ठेवला.

"किती वर्साची हुती शालन?"

"थोरली झाली तवा अठराची हुती. थोरली आता सातवीत हाय. तूच मोज, तू शिकलीयास."

एकतीस.

मग ती बोलली. एकदा बोलायला लागल्यावर थांबली नाही. अण्णांच्या द्राक्षबागेत औषध मारायचं काम होतं. शालन पिंपात औषध कालवायची. काठी मोडली. अण्णांचा दिवाणजी म्हणाला, ट्रॅक्टर थांबलाय, हातानं कालव. तिनं कोपरापर्यंत हात घालून कालवलं. सकाळपासून दुपारपर्यंत. घरी आली तेव्हा तोंडातून लाळ गळत होती. घाम असा की लुगडं पिळून घ्यावं. दंडाचं मांस आपोआप उडत होतं. डोळ्यांतली बुबुळं मोहरीएवढी झालेली. तालुक्याच्या डॉक्टरनं बघितलं आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता सांगलीला न्या. गाडी अण्णांची होती. निम्म्या वाटेवर दिवाणजीचा फोन वाजला. बोलणं झालं. गाडी माघारी फिरली.

"माघारी? का?"

"आता काय उपेग न्हाई म्हनला. अजून बोलत हुती गं ती. मला म्हनली, आत्ती, पोरींला जेवाय घाला."

टॅबवर एक प्रश्न आहे. विषबाधा झाली होती का? मी तो विचारला. म्हातारी चिडली. "इख कशाला खाईल ती? दोन लेकरं हायत तिला." बुबुळांचा प्रश्न टॅबवर नाहीच. मी सगळं मोकळ्या जागेत लिहिलं. तिच्याच शब्दात. मोहरीएवढी, असंच लिहिलं. फवारणीचं औषध अंगात भिनलं की बुबुळं अशी आकसतात, त्या दोन डॉक्टरांना त्या एका शब्दात सगळं कळणार होतं. मी लिहिलेलं वाचून दाखवलं, अंगठा घेतला. हे कुणाला सांगणार नाही असं वचन दिलं.

"आणि ग्रामपंचायतीत कुणी कळवलं?" मी विचारलं.

"अण्णांचा मानूस. लाकडं तेच धाडत्यात, पंचायतीत पन तेच लिवून येत्यात. आमाला हेलपाटा न्हाई पडत." हे ती उपकार सांगावेत तसं सांगत होती.

वस्तीवर कुणी मेलं की बंगल्यावरून सरपण येतं. ही जुनी रीत. मला ती ठाऊक होती, आई अजून त्या लाकडांचं नाव काढते. पण लाकडांबरोबर कागदही त्यांच्याच हातात जातो हे मला त्या दिवशी कळलं.

पंचायतीत गेले. सर्व्हेचं पत्र दाखवलं. ग्रामसेवकानं कुरकुर करत मृत्यूची नोंदवही दिली. शालनचं नाव सापडलं. वय सत्तर. कारण वृद्धापकाळ. खबर देणारा, दिवाणजी.

एकतीस वर्षांच्या बाईचं वय सत्तर. मला आधी लिहिणाऱ्याची चूक वाटली. मग लक्षात आलं. एकतिसाव्या वर्षी मेली म्हटलं की कुणीतरी विचारणार, कशानं? डॉक्टरचा कागद कुठाय? पोलिसांना कळवलं का? सत्तर म्हटलं की कुणी काही विचारत नाही.

"जुन्या वह्या द्या," मी म्हटलं.

"जुन्या कशाला? तुमच्या सर्व्हेची दोनच वर्षं हायत की."

"द्या."

माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्यानं कपाट उघडलं. मी खाली फरशीवर बसून पानं उलटली. सोळा वर्षं मागं गेले. आणि सापडला. माझा बाप. वय सत्तर. कारण वृद्धापकाळ. खबर देणारा, तोच दिवाणजी.

माझा बाप अडतीस वर्षांचा होता. अण्णांच्या विहिरीतला गाळ काढायला उतरला होता. आत डिझेलचं इंजिन चालू, धूर वर यायला जागा नाही. तो वर आला तो दोरीला बांधून. मी काठावर होते. त्याची नखं निळी झाली होती. सगळ्या गावानं बघितलं. अण्णा अजून त्याला विहिरीतला लक्ष्मण म्हणतात. म्हणजे त्यांनाही माहीत आहे तो कुठं मेला. तोंडाला माहीत, वहीला माहीत नाही.

मी रडले नाही. मी मोजलं. खबर देणारा दिवाणजी आणि वय सत्तर, अशी नावं वस्तीतली होती नऊ. नऊ माणसं. सगळी बरोबर सत्तरची. एकही एकाहत्तरचा नाही. नऊ जणांची नावं मी हातानं माझ्या वहीत उतरून घेतली. ग्रामसेवक म्हणाला, "आवं बाई, हे तुमच्या कामातलं न्हाई." मी म्हटलं, हेच माझं काम आहे.

बाहेर सर उभे होते. अण्णांचा त्यांना फोन आला होता. वस्तीतली बोलणी बंगल्यावर पोचायला वेळ लागत नाही. "वर बोलावलंय," ते म्हणाले. वाटेत मला समजावत होते. "पोटदुखी लिही. नाहीतर माहीत नाही लिही, तशी खूण करायची सोय आहे ना. एवढ्या मोठ्या देशात एका बाईच्या कागदानं काय होतंय?"

"सर, मोजतात कसं?"

"म्हणजे?"

"एक-एक करूनच मोजतात ना?"

ते चालत राहिले, बंगल्याकडंच.

पडवीत ह्या वेळेला जास्त माणसं होती. अण्णा, त्यांचा फौजेतून आलेला भाऊ, दारात सून, पायरीवर दिवाणजी. मला बस म्हणाले नाहीत.

"काय लिवलंस? वाच बघू."

"शालनचं वाचता येत नाही. ज्यानं सांगितलं त्याचं ते आहे."

"माझ्या गावात माझ्यापास्नं लपवतीस व्हय गं?"

मी टॅब काढला. त्यांच्यासमोर शेवटचं बटण दाबलं. एकदा ते दाबलं की मलाही बदलता येत नाही, सरांनाही नाही. गोल फिरत राहिलं, फिरत राहिलं, मग हिरवी खूण आली.

"गेलं," मी म्हटलं. "आता ते दोन डॉक्टर वाचतील. त्यांच्यातला कुणी तुमच्या पडवीत बसलेला नाही. तुम्हाला वाचूनच ऐकायचं असेल तर माझ्या बापाचं वाचते. ते माझं आहे."

ते पंचायतीच्या फरशीवर बसूनच लिहिलं होतं, वहीच्या पाठच्या पानावर. सर्व्हेत त्याला जागा नव्हती. उभ्यानं वाचलं. नाव. वय अडतीस. विहीर कुणाची. इंजिन कुणाचं. उतर म्हणून कुणी सांगितलं. तो आतून ओरडला तेव्हा इंजिन बंद करायला कोण गेलं नाही. वर काढल्यावर नखांचा रंग. खबर देणाऱ्याचं नाव वाचलं तेव्हा दिवाणजी पायरीवरून उठला.

फौजी म्हणाला, "ए, बस झालं." आवाज चढवून म्हणाला. मी थांबले नाही. अण्णांची नजर सुनेकडं गेली, तशीच, मघासारखी. पण ह्या वेळी सून हलली नाही. ती माझ्याकडं बघत होती.

संपलं तेव्हा मी म्हटलं, "अजून आठ जण हायत, अण्णा."

सरांनी मला त्या गावातून काढलं. नियम मोडल्याचा लेखी ठपका आला. तो खराच आहे, मी सही केली. आता औंधकडची गावं करते. शालनच्या सासूला बागेतलं काम बंद झालं. मी भेटायला गेले तर दार उघडलं, पण म्हणाली, "तुजं बरं हाय बाई, तू जातीस." आई फोनवर म्हणाली, "झालं गेलं उकरू नगं. लाकडं दिली हुती गं त्यांनी." मी तिला पहिल्यांदाच उलटून बोलले. म्हटलं, आई, लाकडं पुरावा जाळायला दिली होती.

तालुक्याला अर्ज केलाय. बापाचं वय आणि कारण दुरुस्त करा. साहेब म्हणाले, पुरावा आणा. आणतेय. दर रविवारी एसटीनं त्या गावात उतरते, एक-एक घर धरते. दोरी ओढणारे दोघं अजून जिवंत आहेत. एकानं सही दिलीय. दुसरा एसटी आलेली बघून शेतात जातो. मी बांधावर बसून राहते. त्याला कधीतरी घरी यावंच लागतं.

अण्णा आता सत्तरीला आलेत. ते जातील तेव्हा कराड होईल, सांगली होईल, फाईल होईल, कुणीतरी दीड तास बसून लिहून घेईल. घेऊ दे. मला घाई आहे ती त्याआधीची. नऊच्या नऊ नोंदी मला ते जिवंत असताना बदलून घ्यायच्या आहेत. आणि प्रत्येक नोंद बदलली की तिची नक्कल घेऊन मी त्यांच्या पडवीत जाणार आहे, उभ्यानं वाचून दाखवायला.