क्षमावाणीचा पाहुणा

आष्ट्याच्या विजयमाला काकू चाळीस वर्षं रोज सकाळी अनवाणी जैन मंदिरात जायच्या. हातात तांदळाची डबी आणि नजर पायांखाली, मुंगीसुद्धा चिरडू नये म्हणून. कुत्र्यांसाठी काठी घ्या म्हणून सून ब्राह्मी मागं लागायची. पण मुक्या जिवावर काठी उगारणं काकूंच्या व्रतात बसत नव्हतं.

गल्लीतल्या जयराज पाटलाचा दांडगा कुत्रा साखळीशिवायच हिंडायचा. जयराज लांबूनच म्हणायचा, "काकू, कायबी करत न्हाई त्यो." आषाढात त्याच कुत्र्यानं काकूंना पाडलं आणि पोटरीचा लचका तोडला. पडताना खुबा मोडला. आता चालणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. जयराज दवाखान्यात फिरकलासुद्धा नाही.

तो उगवला थेट क्षमावाणीला. त्या दिवशी जैन माणसं वर्षभरातल्या चुकांबद्दल एकमेकांची क्षमा मागतात आणि मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, हे त्या बेरक्याला पक्कं ठाऊक होतं. भरल्या घरात, काकूंच्या खाटेपाशी त्यानं हात जोडले. "उत्तम क्षमा, काकू." सगळे काकूंकडं बघत राहिले. दात आवळून काकूंनीही हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुत्रा खिडकीखालून मोकळाच पळत गेला. खाटेवरच्या काकूंना दूधवाल्याचा आवाज आला, "जयराजदादा, आता तरी साखळी घाला की त्येला."

"कशाला रं?" जयराज म्हणाला. "काकूंनी माफ केलंय. आन परत कुणाला चावला, तर पुढल्या वर्षी क्षमावाणी हायच की."